राहून गेलेलं एक उत्तर



आज मी तुम्हाला एका प्रश्नाची गोष्ट सांगणार आहे. प्रश्न नववीतल्या एका मुलानं विचारला होता आणि त्याचं उत्तर देणं हे माझं काम होतं. त्याच कामाचा मला पगार मिळत होता. पण मी उत्तर दिलं नाही. ते आज देतो आहे.

२००७ सालचा जून महिना. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवत असे. त्या महिन्यात आमच्या जिल्ह्यात एकच विषय होता. चहाच्या टपरीवर तोच, एसटीच्या थांब्यावर तोच आणि शिक्षकांच्या खोलीतही तोच. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्या होत्या. बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेली, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेली, १९६२ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झालेली आणि पुढे एदलाबादमधून पुन्हा पुन्हा निवडून आलेली आमची ताई दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात जाणार होती, आणि तीही देशाची पहिली महिला राष्ट्रपती म्हणून! कोणत्याही पक्षाचा माणूस असो, छाती फुगलेली होती. माझीही होती, हे कशाला लपवू?

आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक बातमी आली. माउंट अबू इथं ब्रह्माकुमारी संस्थेच्या मुख्यालयात ताईंनी आपला एक अनुभव सांगितला होता. संस्थेच्या ज्येष्ठ दादींच्या शरीरात ‘बाबा’ आले, आपल्याशी बोलले आणि पुढे मोठी जबाबदारी येणार असल्याचा संकेत त्यांनी दिला, असा तो अनुभव. बाबा म्हणजे संस्थेचे संस्थापक दादा लेखराज. त्यांचं निधन झालं होतं १९६९ साली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ध्वनीचा धडा शिकवत होतो. ध्वनीला माध्यम लागतं, निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही, वगैरे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अमळनेरकडचा होता, घरी अहिराणी. त्यानं विचारलं, “सर, मरेल माणूस बोलस म्हणे. पेपरमा येल शे. हाई खरं शे का?”

वर्ग हसला. तो हसला नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी काय केलं असेल? मी म्हणालो, “मोठ्या माणसांविषयी असं बोलू नये. खाली बस.” तो बसला. मी फळ्याकडे वळलो आणि ध्वनीचा वेग लिहून दिला.

श्रोतेहो, या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ते “खाली बस” माझ्या कानातून गेलेलं नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ करून घेऊ. ताईंची श्रद्धा हा माझ्या तक्रारीचा विषय नाही. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं आणि आचरण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. ते जसं माझ्या आईला आहे तसं राष्ट्रपतींनाही आहे. माझी आई रोज तुळशीला पाणी घालायची, मुक्ताबाईच्या यात्रेला जायची, आणि तिच्या पाया पडताना मी कधी विज्ञानाचं पुस्तक उघडलं नाही. प्रार्थनेनं मन शांत होतं म्हणणाऱ्याला पुरावा मागायचा नसतो.

पण “मेलेला माणूस दुसऱ्याच्या शरीरात आला आणि त्यानं मला भविष्य सांगितलं” हे विधान वेगळ्या जातीचं आहे. ते जगात काय घडलं याविषयीचं विधान आहे. असं विधान कुणीही केलं, तरी “हे कशावरून?” असा प्रश्न त्याला विचारता येतो. तो विचारणं हा अपमान ठरत नाही. उलट, घटनेच्या ५१-क या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ते त्यात आलं. म्हणजे त्या मुलानं माझ्या वर्गात एक घटनात्मक कर्तव्य बजावलं होतं आणि मी त्याला खाली बसवलं होतं.

त्याच जूनमध्ये ताईंचं आणखी एक वाक्य गाजलं. उदयपूरला महाराणा प्रतापांच्या जयंतीच्या कार्यक्रमात त्या म्हणाल्या की, मुघल आक्रमकांपासून स्त्रियांचं रक्षण करण्यासाठी पडदा पद्धत आली. आता काळ बदलला आहे, तेव्हा ती सोडली पाहिजे. हेतू पाहा किती चांगला! बायांनो, घुंगट टाका, हेच सांगायचं होतं. पण चांगल्या हेतूच्या आधाराला चुकीचा इतिहास घेतला. इतिहासकारांनी लगेच हरकत घेतली, कारण उच्चकुलीन स्त्रियांना आड ठेवण्याची चाल मुघलांच्या कितीतरी आधीची आहे. आपल्या भाषेत ‘असूर्यंपश्या’ हा शब्द आहे. सूर्याचंही दर्शन जिला होत नाही ती. तो शब्द पाणिनीच्या व्याकरणाइतका जुना आहे आणि राजस्त्रियांच्या संदर्भातच त्याचं उदाहरण दिलं जातं. बाबर हिंदुस्थानात आला सोळाव्या शतकात. पाणिनी त्याच्या दोन हजार वर्षं आधीचा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चुकीनं काय बिघडतं? आमच्या खान्देशात बिघडतं. मे १९७० मध्ये भिवंडीपाठोपाठ जळगावात दंगल झाली, चाळीसहून अधिक माणसं गेली. भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या त्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मदन आयोगानं केली. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसं त्याविषयी बोलताना आजही आवाज खाली करतात. धुळ्यात २००८ च्या ऑक्टोबरमध्ये दंगल झाली. पुन्हा ६ जानेवारी २०१३ ला एका खाणावळीतल्या बिलावरून भांडण सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले होते. बिलाच्या भांडणातून एवढी आग पेटते ती आधी साठवून ठेवलेल्या सरपणामुळे. “आपल्याकडचं जे जे वाईट ते ते त्यांच्यामुळे आलं” हे त्या सरपणातलं एक लाकूड असतं. व्यासपीठावरचा मोठा माणूस ते सहज बोलून जातो आणि मोटारीत बसून निघून जातो. लाकूड मात्र गावात राहतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. याच प्रतिभाताई २००६ साली राजस्थानच्या राज्यपाल होत्या. तिथल्या विधानसभेनं मंजूर केलेलं धर्मांतरविरोधी विधेयक त्यांच्यापुढे सहीसाठी आलं. धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला ते बाधक ठरेल म्हणून त्यांनी ते परत पाठवलं. एकाच माणसाच्या हातून घटनेची बूज राखणारं कामही होतं आणि तपासता न येणारं वाक्यही निघतं. माणसं अशीच असतात, सबंध काळी नाहीत आणि सबंध पांढरीही नाहीत. म्हणून माणसाचा मान ठेवायचा आणि वाक्य तपासायचं, हे दोन्ही एकाच वेळी करायला आपण शिकलं पाहिजे. मला २००७ साली ते जमलं नाही.

आणि ताई काही एकट्या नव्हत्या. पुढच्या काळात तर अशा विधानांची रांग लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईत एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी गणपतीच्या मस्तकाचा दाखला देऊन प्राचीन काळी प्लास्टिक सर्जरी असावी असं सांगितलं. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतच भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये वैदिक काळातल्या विमानांवर व्याख्यान झालं. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त चूक आहे. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलं नाही. सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले, रसायनशास्त्र शिकलेले. देशातल्या तीन विज्ञान अकादमींना एकत्र येऊन त्यावर निवेदन काढावं लागलं.

डार्विन असं म्हणतच नाही की कुण्या एका माकडाचा एका सकाळी माणूस झाला. माणूस आणि वानर यांचे पूर्वज फार मागे एकच होते आणि लाखो वर्षांत फांद्या वेगळ्या होत गेल्या, एवढंच तो सांगतो. कुणी पाहिलं नाही म्हणून ते खोटं, असं म्हणायचं झालं तर पोलिसांना एकाही चोरीचा तपास करता येणार नाही. चोरी होताना तरी कोण पाहतं? मागे राहिलेल्या खुणांवरूनच चोर सापडतो. उत्क्रांतीचंही तसंच आहे, खुणा जीवाश्मांत आणि आपल्या रक्तात आहेत.

अशा विधानांचा सगळ्यांत मोठा तोटा मला वेगळाच वाटतो. खोट्या अभिमानानं आपला खरा अभिमान झाकला जातो. शस्त्रक्रियेचंच घ्या. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक गालाच्या कातडीनं पुन्हा करण्याची रीत दिलेली आहे. हे खरं आहे, ग्रंथ समोर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कावसजी नावाच्या एका गाडीवानाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. पुण्याजवळ एका देशी कारागिरानं कपाळाच्या कातडीनं ते नवं करून दिलं, आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याची हकिकत चित्रासह छापून आली. युरोपातल्या शल्यवैद्यांनी ती वाचून ही रीत उचलली. एवढं खणखणीत नाणं खिशात असताना आपण खोटं नाणं का वाजवतो?

नाण्यावरून आठवलं. आमच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण हे गाव आहे, पाटणादेवीचं. देवीच्या दर्शनाला हजारो लोक जातात. तिथं सापडलेला एक शिलालेख मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तो आहे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, इ.स. १२०७ च्या सुमाराचा. त्यात लिहिलं आहे की यादव राजा सिंघण याच्या दरबारातला ज्योतिषी चांगदेव यानं आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ स्थापन केला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या खान्देशात गणिताची शाळा होती! भास्कराचार्यांच्या ग्रंथात ग्रहणाचं गणित आहे, आणि ते चंद्राच्या व पृथ्वीच्या सावलीवर चालतं. राहू-केतूच्या जबड्यावर ते गणित चालत नाही.

ग्रहण सावलीमुळे होतं हे आर्यभटानं इ.स. ४९९ मध्येच सांगून ठेवलं होतं. पण त्याच्यानंतरच्या ब्रह्मगुप्तानं, सावलीचं गणित पक्कं ठाऊक असूनही, राहूची बाजू घेतली. अकराव्या शतकात अल्-बेरुनी हा परदेशी पंडित हिंदुस्थानात आला. त्याला ब्रह्मगुप्ताविषयी मोठा आदर होता. तरी त्यानं आश्चर्य व्यक्त केलं आहे की, एवढा मोठा विद्वान असं का लिहितो? आणि मग स्वतःच तर्क केला आहे की सॉक्रेटिसाच्या वाट्याला जे आलं ते आपल्याही वाट्याला येईल, या भीतीनं त्यानं तसं केलं असावं.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. सॉक्रेटिसाला विषाचा प्याला मिळाला होता. मला त्या दिवशी वर्गात कोणता प्याला मिळणार होता? फार तर मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं असतं. गावातल्या एखाद्या पुढाऱ्यानं बसस्टँडवर “काय मास्तर, फार शहाणे झालात का?” म्हटलं असतं. एवढ्यासाठी मी राहूची बाजू घेतली.

श्रोतेहो, पुढारी असं का बोलतात याचा आपण पुष्कळ विचार करतो. मते मिळतात, टाळ्या मिळतात, काहींचा खरोखर विश्वासही असतो. पण ते बोलून झाल्यावर ज्यांना ठाऊक असतं ती माणसं गप्प का बसतात, हा विचार आपण कमी करतो. सभेत डॉक्टर बसलेले असतात, प्राध्यापक बसलेले असतात, माझ्यासारखे मास्तर बसलेले असतात. सगळे टाळ्या वाजवतात. घरी येऊन बायकोला सांगतात, “काहीतरीच बोलला हो आज!”

याच्या उलट वागून दाखवणारेही झाले. २१ सप्टेंबर १९९५ तुम्हाला आठवत असेल. गुरुवार होता. देशभर गणपती दूध पिऊ लागले. आमच्या गावातही देवळापुढे रांग, हातात वाटी-चमचा. त्या दिवशी आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या परिचरानं, फार न शिकलेल्या माणसानं, एक गोष्ट केली. मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेला पितळी घोडा होता. तो त्यानं आणला, ओला केला आणि चमचाभर दूध त्याच्या तोंडाला लावलं. घोडा दूध प्यायला! मग त्यानं दुधात चिमूटभर हळद टाकली. घोड्याच्या गळ्यावरून, छातीवरून खाली पिवळी धार स्पष्ट दिसली. द्रवाचा पृष्ठताण दुधाला चमच्यातून वर ओढतो आणि मग ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली वाहतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, एवढाच चमत्कार. पुढे काही दिवस मुलं त्या घोड्याला नमस्कार करून हसत. कुणाच्याही भावना दुखावल्या नाहीत, गणेशोत्सव पूर्वीसारखाच झाला.

दुसरं उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांचं. फलज्योतिष खरं की खोटं यावर नुसता वाद घालण्यापेक्षा त्यांनी २००८ साली पुण्यात सरळ चाचणी घेतली. बरोबर डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलं कोणती? सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस बरोबर, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याहून कमी. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. यात कुणाला शिवी नाही, कुणाची टिंगल नाही. फक्त “चला, तपासून पाहू” एवढंच.

त्याच दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला गेले असता गोळ्या घालून मारलं. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते तो त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं मंजूर केला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं दोन मारेकऱ्यांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. कट कुणाचा, हा प्रश्न मागे राहिलाच. तेव्हा प्रश्न विचारणं अगदीच बिनधोक आहे, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण दाभोलकरांनी जी किंमत मोजली तिच्यापुढे आपल्याला मोजावी लागणारी किंमत चिल्लर असते.

आणि न विचारण्याची किंमत? ती आमच्या धुळे जिल्ह्यानं पाहिली आहे. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून घरोघर पोचली होती. कुणीतरी म्हणालं, “हेच ते.” त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथंच ठेचून मारलं. पाचही जण मेले. त्यांच्या झोळीत मूल नव्हतं. गावातलं एकही मूल हरवलेलं नव्हतं. “कुणाचं मूल गेलं?” एवढा एक प्रश्न पुरा झाला असता.

राईनपाड्याच्या लोकांना कुण्या मंत्र्यानं भडकवलं होतं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. मी म्हणतो ते एवढंच की, “कशावरून?” असं विचारायची सवय ही शेतासारखी असते. कसली नाही तर तण माजतं. जो समाज मोठ्यांना कधी विचारत नाही, तो मोबाइललाही विचारत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, तेही याच न विचारण्यातून. गावात ताप पसरतो, पाण्याचं कारण असतं, आणि बोट एकट्या म्हातारीकडे जातं.

२०२० साली करोना आला. त्या वर्षीच्या मे-जून महिन्यांत जळगाव जिल्ह्यातलं मृत्यूचं प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांच्या बरोबरीनं होतं. आमच्या गल्लीतून रुग्णवाहिका जात होत्या. आणि जुलैमध्ये एक केंद्रीय राज्यमंत्री, अर्जुनराम मेघवाल, एका पापडाचं पाकीट हातात धरून सांगत होते की यानं प्रतिकारशक्ती वाढेल. पुढच्याच महिन्यात त्यांना स्वतःला करोनाची बाधा झाली आणि ते, योग्यच केलं, रुग्णालयात दाखल झाले. सामान्य माणूस मात्र पापडावर भरवसा ठेवून दोन दिवस घरी काढतो, आणि ते दोन दिवसच नडतात.

सार्वजनिक जीवनातल्या माणसाचा शब्द असा जड असतो. तो चांगल्या बाजूलाही तितकाच जड असतो, हे विसरू नका. पोलिओच्या डोसानं मुलं पुढे नपुंसक होतात, अशी अफवा उत्तर प्रदेशात काही मुस्लिम वस्त्यांमध्ये पसरली होती. दारं बंद होऊ लागली. मग आरोग्य खात्यानं तिथल्या मौलवींना बरोबर घेतलं. मशिदींतून आवाहनं झाली, धर्मगुरूंनी स्वतः लहान मुलांच्या तोंडात दोन थेंब घातले. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. धर्म आणि विज्ञान यांचं भांडण व्हायलाच पाहिजे असं नाही. भांडण होतं ते “मी सांगतो म्हणून खरं” असं कुणी म्हणतो तेव्हा. मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आणि हा शहाणपणा आम्हाला बाहेरून आणायला नको. प्रतिभाताई ज्या एदलाबादमधून निवडून यायच्या त्याचं आज नाव आहे मुक्ताईनगर. मुक्ताबाई आणि चांगदेव यांची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून येणारा, हातात सापाचा आसूड घेणारा योगी, आणि समोर एक पोरगी. कथेत कोण कुणाचा शिष्य होतो? चांगदेव त्या मुलीचा शिष्य होतो. चमत्कारापेक्षा ज्ञान मोठं, हे आमच्या आजीनं आम्हाला जात्यावर बसून सांगितलं होतं. गंमत पाहा, तापी-पूर्णेच्या संगमावरचा एक चांगदेव चमत्कार टाकून देतो आणि पाटणचा दुसरा चांगदेव आजोबांचं गणित शिकवायला मठ काढतो. दोघेही आमचेच.

असोद्याची बहिणाबाई तर शाळेतही गेली नव्हती. ऐन तरुणपणी वैधव्य आलं. त्या बाईनं ज्योतिषाला ‘माझ्या दारात येऊ नकोस’ असं बजावणारी कविता रचली. आज आमच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. आणि अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचा विठ्ठल हरिजनांना खुला व्हावा म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं. गुरुजी देव मानणारे होते. देवाच्या नावानं चाललेला अन्याय मात्र त्यांनी मानला नाही. श्रद्धा आणि विवेक एका घरात नांदू शकतात, याची एवढी मोठी साक्ष दुसरी कोणती?

तर श्रोतेहो, करायचं काय? फार काही नाही. व्यासपीठावरून कुणी काही सांगितलं, मोबाइलवर काही आलं, तर तीन साधे प्रश्न विचारू या. हे कुणी पाहिलं? ते पुन्हा करून पाहता येईल का? आणि हे मानल्यानं कुणाचं नुकसान होणार आहे? प्रश्न विचारताना आवाज चढवायचं कारण नाही. ‘ताई’, ‘भाऊ’, ‘साहेब’ म्हणूनच विचारू या. आणि मुलानं प्रश्न विचारला तर त्याला खाली बसवू नका. एवढं एक माझ्यासाठी करा.

मी २०११ साली निवृत्त झालो. तो मुलगा पुन्हा भेटला नाही. आता पस्तिशीजवळ आला असेल, त्याचीच मुलं शाळेत जात असतील. तो हे भाषण ऐकत असेल का, ठाऊक नाही. ऐकत असेल तर त्याला एवढंच सांगायचं आहे.

बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. मेलेला माणूस बोलतो याचा तपासून पाहता येईल असा एकही पुरावा अजून कुणी दिलेला नाही. ताईंना तसं मनापासून वाटलं असेल, त्यांच्या वाटण्याचा आपण मान ठेवू. पण राष्ट्रपतींनी सांगितलं म्हणून ते आपण विज्ञानाच्या वहीत लिहायचं नाही. पुरावा मिळाला तर लिहू. तोवर ती ओळ कोरी ठेवू.

त्या दिवशी मी तुला “खाली बस” म्हणालो, ते चुकलं. आता उभा राहा, आणि विचार.

नमस्कार.